गोल खांद्यांच्या जुन्या वस्तू: नुसता देखावा की शहाणपण?

माडाखाली: वेंगुर्ल्याच्या घरी आजोबांचा बॅकेलाइटचा, म्हणजे जुन्या कडक प्लास्टिकचा, रेडिओ आहे. तपकिरी, खांदे गोल, पुढून तीन आडव्या रेघा निघून कडेवरून मागे वळतात. परवा त्यावरून फडकं फिरवलं, कुठे अडकलंच नाही. १९३० च्या दशकात विमानं-आगगाड्यांचा वारा कापणारा आकार घरातल्या वस्तूंना द्यायची लाट आली. तिच्यातून आल्या तितक्या देखण्या वस्तू नंतर झाल्या नाहीत. कृपा करून असल्या वस्तू भंगारात घालू नका.

खाडीकाठ: देखण्या आहेत, कबूल. पण आकार खोटा. रेमंड लोवी या अमेरिकेतल्या डिझायनरने १९३३ साली पेन्सिलीला टोक काढायचं यंत्र थेंबासारखं घडवलं. टेबलावर बसून ते कुठला वारा कापणार? बाजारात तर ते आलंही नाही. मालवणात होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, बघा. निमुळती आहे, कारण समोरून लाट येते. फळी वाकवताना सुताराचा घाम निघतो. उगाच कोण वाकवेल?

माडाखाली: होडीचं पटलं. पण गोलाईलाही कारण होतं, वाऱ्याचं नव्हे, साच्याचं. बॅकेलाइट तापलेल्या साच्यात दाबून घडवतात. काटकोनी कोपऱ्यात माल नीट भरत नाही आणि पुढे तडाही तिथेच जातो. पत्र्याचंही तेच. खोल आकार दाबून काढायचा तर कोपरा गोल हवा, नाहीतर पत्रा फाटतो.

कुडाळचा गॅरेजवाला: माझा अनुभव सांगतो. व्हेस्पा स्कूटर १९४६ ची, काढली कोरादिनो दास्कानियो या विमानाच्या इंजिनिअरने. आपली बजाजची जुनी चेतक स्कूटर त्याच घराण्यातली. खाऱ्या हवेत गंज आधी कुठे धरतो? धारेवर. तिथे रंग पातळ बसतो. फुगीर पाठीवर तो सारखा बसतो, म्हणून चेतकचे बाजूचे डबे वीस-वीस वर्षांनीही ठोकून रंगवता येतात. सडतो तो फूटबोर्ड, तोही पट्ट्यांखाली, जिथे पाणी साचतं. म्हणून शोभेच्या रेघांची बाजू मी घेणार नाही. रेघ म्हणजे मिठाला घर.

खाडीकाठ: रंगाचा मुद्दा मानला. मग कौतुक साचा घडवणाऱ्याचं करा, थेंबाच्या आकाराचं नको. दुसरं, हे गुळगुळीत कवच यंत्र झाकून टाकतं. आईची पायाची शिलाई मशीन उघडी आहे. तेल कुठे सोडायचं, वादी कुठे सैल झाली, सगळं डोळ्यांसमोर. बिघाड झाला की ती स्वतःच दुरुस्त करते. गोल डब्याला मेकॅनिक शोधत तालुक्याला जावं लागतं. आमच्यासारख्या गावात ही साधी अडचण नाही.

माडाखाली: रेघांत मीठ साचतं हे खरं, मी दात घासायच्या जुन्या ब्रशने काढते. पण झाकण्याबद्दल मी मागे हटणार नाही. आमच्याकडेही तशीच उघडी मशीन होती. माझी बहीण चार वर्षांची असताना तिचं बोट चाक आणि वादीच्या मध्ये सापडलं. नख पुन्हा नीट आलं नाही. त्याच घरात रेडिओला मात्र आम्ही पोरं दिवसभर लटकायचो, आणि आजी कधी ओरडली नाही.