दहावी, समरूपता: मूलभूत प्रमेय लावूनही बाजू चुकीची का येते?

रेघोटी (प्रश्न)

अगदी साधं गणित आहे. △अबक मध्ये बाजू अब वर ड आणि बाजू अक वर इ असे बिंदू आहेत, की रेख डइ ॥ बाजू बक. अड = ४, डब = ६, बक = १५ (सगळं सेंमीत). तर डइ किती?

मुलगी असं लिहिते:

डइ ॥ बक … (पक्ष)
∴ अड/डब = डइ/बक … (प्रमाणाचे मूलभूत प्रमेय)
∴ ४/६ = डइ/१५
∴ डइ = १०

उत्तर ६ हवं. "अड/डब नको, अड/अब घे" म्हटलं की ती विचारते, "प्रमेयात अड/डब असंच छापलंय, मग ते घेतलं तर चुकलं कुठे?" तिच्या या प्रश्नाला "तसं नसतं" यापलीकडे उत्तर हवंय.

दुसरी शंका माझी स्वतःची. मूलभूत प्रमेय समरूपतेने दोन ओळींत सिद्ध होतं. मग पुस्तकात क्षेत्रफळांचा एवढा घाट कशाला?

कंपासपेटी

प्रमेयाचं विधान तिला शब्दांत म्हणायला लावा: त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर असणारी रेषा *उरलेल्या दोन बाजूंना* भिन्न बिंदूंत छेदत असेल, तर ती त्या बाजूंना एकाच प्रमाणात विभागते. "उरलेल्या दोन" म्हणजे अब आणि अक. त्या कापल्या गेल्यात, त्यांचे तुकडे झालेत. बक कापलेलीच नाही, आणि डइ हा कुठल्याच बाजूचा तुकडा नाही. म्हणजे प्रमेयातून फक्त अड/डब = अइ/इक मिळतं, त्यात डइ आणि बक येतच नाहीत.

डइ आणि बक या दोन त्रिकोणांच्या बाजू आहेत, एक △अडइ ची, दुसरी △अबक ची. त्या आल्या की समरूपता आली, आणि समरूपतेत पूर्ण बाजूला पूर्ण बाजूच लागते. लेखन असं:

△अडइ व △अबक मध्ये,
∠अडइ ≅ ∠अबक … (संगत कोन)
∠डअइ ≅ ∠बअक … (सामाईक कोन)
∴ △अडइ ~ △अबक … (कोको, म्हणजे कोन-कोन कसोटी)
∴ अड/अब = डइ/बक … (समरूप त्रिकोणांच्या संगत बाजू)
अब = ४ + ६ = १०
∴ ४/१० = डइ/१५, ∴ डइ = ६

डब ही बाजू दोन्हींपैकी एकाही त्रिकोणाची नाही, हे तिने आकृतीत बोटाने गिरवून पाहावं. △अडइ गिरवताना बोट डब वरून जातच नाही.

१० हे उत्तर फसवं आहे, कारण ते १५ पेक्षा लहान आहे आणि दिसायला ठीक वाटतं. पडताळा असा: ड आणि इ हे मध्यबिंदू असते तर डइ = ७.५ झाली असती. इथे ड मध्यबिंदूच्याही वर, अ च्या बाजूला आहे, म्हणून डइ ७.५ पेक्षा कमीच हवी. १० शक्यच नाही. हेच गणित अड = ६, डब = ४ असं उलटं दिलं तर तिच्या रीतीने डइ = २२.५ येईल, म्हणजे आतली रेख पायापेक्षा लांब! तेव्हा चूक लगेच डोळ्यांत भरते. सरावाला मुद्दाम तेच उलटं गणित आधी द्या.

एकरेघी

वरचं बरोबर आहे, पण कागदावर दिसलं की वाद मिटतो. साधी एकरेघी वही घ्या, तिच्या रेघा समान अंतरावर समांतर असतात. एका रेघेवर शिरोबिंदू अ घ्या, तिथून खाली दहाव्या रेघेवर १० सेंमीचा पाया बक काढा आणि अब, अक जोडा. आता चौथ्या रेघेवर दोन बाजूंच्या मधली लांबी मोजा. ४ सेंमी भरते. पाचव्यावर ५, सातव्यावर ७. मुलीच्या रीतीने चौथ्या रेघेवर ६.७ च्या आसपास भरायला हवी, ती भरत नाही.

मग अ त्याच रेघेवर डावीकडे-उजवीकडे सरकवून पुन्हा काढा, अगदी तिरपा त्रिकोण होऊ द्या. चौथ्या रेघेवर परत ४ च. पेन्सिलीला टोक हवं, आणि पट्टीचं शून्य घासलेलं असेल तर १ पासून मोजायचं, नाहीतर मिलिमीटरभराचा फरक पडतो आणि मुलं म्हणतात "येत नाही".

साध्य_पक्ष

ताई, दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच रेषेत आहेत, म्हणून एकत्र लिहितो.

आधी सिद्धता. समरूपतेच्या व्याख्येत दोन अटी आहेत: संगत कोन एकरूप *आणि* संगत बाजू प्रमाणात. कोको कसोटी म्हणते की कोन जुळले तर बाजूंचं वेगळं पाहायला नको. हे कशावरून? लहान त्रिकोण मोठ्यात अ पाशी बसवला की कोन समान असल्यामुळे त्याची तिसरी बाजू बक ला समांतर येते, आणि मग बाजू प्रमाणात आहेत हे सांगायला मूलभूत प्रमेयच लागतं. म्हणजे प्रमेयावर कसोटी उभी आहे. कसोटीवर परत प्रमेय उभं केलं तर शिडी शिडीलाच टेकवल्यासारखं होतं. उत्तरपत्रिकेत प्रमेय सिद्ध करायला सांगितलं असेल तर ती दोन ओळींची सिद्धता लिहू देऊ नका.

क्षेत्रफळाची वाट समरूपतेच्या आधीची आहे. युक्लिडनेही सहाव्या ग्रंथात हे प्रमेय दुसऱ्या विधानात क्षेत्रफळानेच सिद्ध केलंय, कोन समान असलेल्या त्रिकोणांचं विधान त्यानंतर चौथं येतं. सिद्धतेचा गाभा तीन ओळींचा आहे (△ म्हणजे इथे त्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ). बइ आणि कड जोडा.

△अडइ/△बडइ = अड/डब, कारण दोघांची इ पासूनची उंची एकच.
△अडइ/△कडइ = अइ/इक, कारण दोघांची ड पासूनची उंची एकच.
△बडइ = △कडइ, कारण पाया डइ सामाईक आणि डइ ॥ बक म्हणून उंची समान.

बस, डावीकडची गुणोत्तरं समान, म्हणून उजवीकडची. समांतर असणं फक्त तिसऱ्या ओळीत वापरलंय. मुलं नेमकी तीच ओळ कारण न देता लिहितात.

आता मुलीचा प्रश्न. तिला बक आणायचीच असेल तर बक *कापावी* लागेल. इ मधून अब ला समांतर रेषा काढा, ती बक ला फ मध्ये छेदू दे. डबफइ समांतरभुज चौकोन झाला, म्हणून बफ = डइ. आता इफ ॥ अब, मूलभूत प्रमेयाने बफ/फक = अइ/इक = ४/६. बफ = ६, फक = ९, आणि ६/९ = ४/६. जुळलं!

म्हणजे तिचं ४/६ चुकलेलं नाही. तुकड्याला तुकडा लावायचा ठरवलं तर ६ च्या खाली ९ यायला हवे होते, तिने पूर्ण १५ घेतले. डावीकडे तुकडा/तुकडा आणि उजवीकडे तुकडा/पूर्ण अशी सरमिसळ झाली. "प्रमेय वापरू नको" असं सांगण्यापेक्षा हे दाखवा, तिचं समाधान होईल.

त्रैराशिक

याच आकृतीवर क्षेत्रफळाचा प्रश्न हमखास येतो आणि तिथेही हाच घोळ होतो, म्हणून भर घालतो. △अबक ची अ पासूनची उंची १० धरा, म्हणजे △अडइ ची ४ झाली.

क्षेत्रफळं: △अबक = ७५, △अडइ = १२, चौकोन डबकइ = ६३, △बडइ = १८.

△अडइ : △अबक = १२ : ७५ = ४ : २५. हे समरूप आहेत, म्हणून बाजूंच्या गुणोत्तराचा (२ : ५) वर्ग.
△अडइ : चौकोन डबकइ = १२ : ६३ = ४ : २१. चौकोनाला वर्गाचा नियम लावायचा नाही, २५ मधून ४ वजा करायचे.
△अडइ : △बडइ = १२ : १८ = २ : ३. इथे वर्ग *नाही*. हे त्रिकोण समरूप नाहीत, फक्त उंची सामाईक आहे, म्हणून पायांचं गुणोत्तर तसंच.

"क्षेत्रफळ दिसलं की वर्ग" अशी सवय लागलेली मुलं शेवटच्यात ४ : ९ लिहितात. वर्ग करण्याआधी समरूपतेची ओळ लिहिलीच पाहिजे. ती लिहिता येत नसेल तर वर्गही करता येत नाही.

अजून एक. बइ आणि कड हे कर्ण प मध्ये छेदू द्या. डइ ॥ बक, व्युत्क्रम कोन समान, म्हणून ड ची जोडी क शी आणि इ ची जोडी ब शी. △डपइ ~ △कपब, हाच क्रम. △डपइ ~ △बपक असं लिहिलं की पुढे डप/बप = २/५ येतं आणि तिथून सगळं घसरतं. खरं आहे ते डप/कप = इप/बप = २/५. एकास एक संगती अक्षरांच्या क्रमातच असते. क्रम बरोबर असेल तर बाजू आकृतीकडे न बघताही लिहिता येतात: पहिलं-दुसरं अक्षर, दुसरं-तिसरं, पहिलं-तिसरं.

रेघोटी

खूप आभार, सर. "१५ च्या जागी ९" हे तिला एका झटक्यात पटलं. आता तिचा पुढचा प्रश्न. कोनदुभाजकाच्या प्रमेयात अम हा ∠बअक चा दुभाजक, म्हणून अब/अक = बम/मक. ती म्हणते: दोन बाजू प्रमाणात, ∠बअम ≅ ∠कअम, मग △अबम ~ △अकम बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटीने. मला हे चुकीचं वाटतंय, पण पकडता येत नाही.

साध्य_पक्ष

चुकीचंच आहे, पण चूक फार चांगल्या जागी आहे. बाकोबा मध्ये को हा दोन बा च्या *मध्ये* उगाच लिहिलेला नाही. कोन त्या दोन बाजूंनी केलेला असावा लागतो. तिने घेतलेल्या बाजू अब आणि बम, त्यांच्यामधला कोन ∠ब. तिने घेतलेला कोन अ पाशी आहे. तो बम च्या समोरचा आहे, अब आणि बम मधला नाही. ही "बाबाको" झाली, आणि अशी कसोटी नाही.

आकडे घालून दाखवा. अब = ६, अक = ९, बक = १०. दुभाजक बक ला ६ : ९ म्हणजे २ : ३ मध्ये विभागतो, बम = ४, मक = ६. आता तिच्या संगतीने तिन्ही बाजू तपासा:

अब/अक = ६/९ = २/३
बम/कम = ४/६ = २/३
अम/अम = १

पहिली दोन गुणोत्तरं २/३ आणि तिसरं १. अम सामाईक असल्यामुळे ते १ शिवाय दुसरं काही होऊच शकत नाही. म्हणजे समरूप नाहीत. (अम पण काढून पाहायची असेल तर अम² = अब × अक − बम × मक = ५४ − २४ = ३०, अम साधारण ५.५ सेंमी. कंपासने त्रिकोण काढून मोजता येईल.) हे दोन त्रिकोण समरूप व्हायचे तर अब = अक हवं, आणि मग ते एकरूपच होतात.

बाबाको का चालत नाही याचं उदाहरण मुलं बाहेर शोधत बसतात. दुभाजकाची प्रत्येक आकृती, समद्विभुज सोडून, तेच उदाहरण आहे.

कंपासपेटी

यालाच जोडून एक कोडं. एका त्रिकोणाच्या बाजू ८, १२, १८ आणि दुसऱ्याच्या १२, १८, २७. गुणोत्तर सगळीकडे २ : ३, बाबाबा कसोटीने समरूप, म्हणून तिन्ही कोन समान. शिवाय १२ आणि १८ या दोन बाजूही दोघांत सारख्याच. सहापैकी पाच घटक समान, तरी एकरूप नाहीत. का, ते तिला विचारा. पहिल्या त्रिकोणात १२ च्या समोर कुठला कोन आहे आणि दुसऱ्यात कुठला, एवढंच तिने बघायचं.