मदत हवी आहे: मुलांच्या कल्पकतेला गुण कसे द्यायचे?

नमस्कार. मी सहावीला गणित शिकवते. यंदा सूत्र सांगण्याआधी मुलांना विचारलं, २४ सेंमी परिमितीच्या किती आकृत्या काढता येतील? बहुतेकांनी आयत काढले, ११×१ पासून ६×६ पर्यंत, आणि क्षेत्रफळ ११ वरून ३६ चौसेंमीवर जातं हे स्वतःच शोधलं. एकीने (एरवी ती वर्गात बोलतही नाही) चौरसाचा कोपरा चौकोनी कापला: परिमिती तीच, क्षेत्रफळ कमी! मला फार आनंद झाला.

पण याला गुण कसे द्यायचे? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टॉरन्स यांच्या १९६६ च्या सर्जनशीलता चाचणीतले ओघ (किती कल्पना सुचल्या), लवचीकता (किती वेगवेगळ्या प्रकारच्या), नावीन्य, तपशील हे निकष वाचले; भरलेल्या वर्गात ते झेपत नाहीत. शिवाय गुण लावले की मुलं वेगळं काही करून बघायला घाबरतील, असंही वाटतं. कुणी असं मूल्यमापन केलंय का? गुण देण्याचा तक्ता असेल तर कृपया पाठवा.