मदत हवी आहे: पात्याच्या बुडाशी असलेली ही खाच कशासाठी? (आणि माफी कशी मागू?)

नमस्कार मंडळी, प्रश्न दोन आहेत, एक चाकूचा आणि एक माझ्या तोंडाचा. आधी चाकूचा.

न मिटणारा चाकू आहे, पातं साधारण १० सेंमी, पाठीकडे साडेतीन मिमी जाड. लाकडाचे चमचे कोरणं, दोऱ्या कापणं, खोकी फोडणं, एवढाच वापर. तर ह्याची धार मुठीपर्यंत येतच नाही, जिथे संपते तिथे एक अर्धगोल खाच आहे, पेन्सिलीचं टोक कसंबसं बसेल एवढी, त्यानंतर बोटभर बिनधारेचं पोलाद आणि मग मूठ. आता होतं काय, दोरी अंगाकडे ओढत कापायला लागलं की सुटे धागे बरोब्बर त्या खाचेत जाऊन बसतात, चाकू अडतो, मी जोर लावतो आणि तो एकदम सुटतो. परवा असाच सुटला तो मांडीपासून वीतभर लांबून गेला, पाच मिनिटं नुसता बसून होतो. ही खाच नुसती फॅशन असेल तर कानशीने घासून सपाट करून टाकू का?

आता तोंडाचा. हाच प्रश्न मी ३ आठवड्यांपूर्वी चाकूवाल्यांच्या एका ग्रुपवर विचारला होता. पहिला प्रतिसाद आला "ती रक्त वाहून जायला असते", त्याखाली चारपाच हसरे चेहरे. मग तिथले एक जुने आयडी, स्वतः सुऱ्या बनवतात, त्यांनी लिहिलं, "चॉइल म्हणतात. घ्यायच्या आधी वाचत जा जरा." माझी सटकली. मी लिहिलं की तुमच्यासारख्या खडूस लोकांमुळेच नवीन माणूस टिकत नाही, आणखीही बरंच लिहिलं, ते इथे टंकत नाही. झालं, दोन पार्ट्या पडल्या, चॉइल हवी आणि चॉइल नको, पुढच्या ४० प्रतिसादांत माझा चाकू कुणी बघितलासुद्धा नाही. ते गृहस्थ त्या दिवसापासून गप्प आहेत. नंतर सहज त्यांचे जुने धागे चाळले तर नवख्यांसाठी धार कशी लावायची यावर फोटोंसकट इतकं तपशीलवार लिहिलंय की मलाच लाज वाटली. आता काय करू?

कानस_आणि_मी: आधी एक सांगा, त्या खाचेत तर्जनी बसते का? तुमच्या वर्णनावरून बसत नसणार. बोट बसेल एवढी मोठी असली तर ती बोटाची चॉइल, हात पुढे सरकवून बारीक काम करायला असते. तुमची आहे ती धार लावायची चॉइल. पात्याच्या बाजू घासून पातळ केलेल्या असतात ना, तो उतार मुठीजवळ संपतो तिथे पातं एकदम जाड होतं, त्या कोपऱ्यात दगड नीट पोचत नाही. मग वर्षानुवर्षं धार लावत गेलात की बाकीचं पातं झिजतं आणि बुडाशी न झिजलेला एक उंचवटा राहतो, फळीवर ठेवून कापायला गेलं की तो उंचवटा टेकतो आणि त्याच्या पुढची धार अधांतरी. खाच असली की धार दगडाच्या कडेवरून शेवटपर्यंत सरकते. म्हणजे आहे ती उपयोगाची, फक्त तुम्हाला अजून गरज पडलेली नाही.

रक्ताची भानगड वेगळ्याच गोष्टीची. पात्याच्या अंगावर लांबलचक पन्हळ असते तिला लोक तसं म्हणतात, आणि तेही खोटं. ती पन्हळ वजन कमी करून ताठपणा टिकवायला.

सपाट करू नका. खाच घालवायची तर अख्खी धार तेवढी मागे न्यावी लागेल. आणि कानशीने तिथे चौकोनी कोपरा पाडलात तर पात्यावरचा सगळा ताण त्या कोपऱ्यावर येतो आणि तडा तिथूनच जातो, गोल खाच त्यासाठीच गोल असते. ग्राइंडर तर लांबच ठेवा. पोलाद ३०० अंशांच्या आसपास निळं पडतं, तेवढ्यात त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं, मग कितीही पाजळा, धार टिकणार नाही. एक करा, भिंग घेऊन खाचेच्या कडा बघा. बहुतेक कारखान्यातली कूस, म्हणजे घासताना कडेला उरलेला पोलादाचा बारीक काटा, राहिली असेल, धागे त्यातच अडकतात.

तासणारा: कानस यांना +१, पण माझं मत उलटं. कोरकाम करणाऱ्याला चॉइल नकोच. सगळ्यात जास्त जोर मुठीच्या अगदी जवळ लागतो आणि नेमकी तिथलीच धार तुम्ही खाचेला देऊन टाकता. स्वीडनमधल्या मोरा गावचे चाकू बघा, धार जवळजवळ मुठीला भिडलेली असते. आणि ते ओढून कापणं आधी बंद करा हो! दोरी लाकडावर ठेवा आणि वरून दाबा.

निवांत: चाकूतलं मला कळत नाही, माफीबद्दल सांगतो. जिथे बोललात तिथेच मागा, खासगी निरोपात नको, अपमान चारचौघांत झालाय. दोनतीन ओळी पुरे. आणि त्यात "पण" हा शब्द कुठेही येऊ देऊ नका.

धागाकर्ता: निवांत, पटलं. पण सुरुवात त्यांनीही खवचटपणेच केली होती ना...

निवांत: हाच तो पण.

धागाकर्ता: 😀 बरं.

धागाकर्ता (४ दिवसांनी): अपडेट देतो. कानस, तुमचं खरं निघालं, खाचेच्या खालच्या ओठावर केसाएवढी कूस होती, नखाला लागत होती, डोळ्याला दिसत नव्हती. गोल काडीला ४०० नंबरचा पॉलिशपेपर गुंडाळून हळूहळू फिरवला, पाऊण तास गेला. दोरी आता फळीवर दाबूनच कापतो, धागे क्वचित अडकतात. तासणारा, पुढचा चाकू बिनचॉइलचा घेईन म्हणतो.

माफी त्याच धाग्यावर लिहिली. "शब्द तुम्ही बरोबर सांगितला होता, मी नको ते बोललो, चूक माझी." तीनदा पुसून लिहिली, दोनदा पण आला होता. दोन दिवस काही नाही. काल रात्री त्यांचा प्रतिसाद आला, एकच ओळ: "पेपर कितीचा वापरलास?"

४०० सांगितला. म्हणाले आता ८०० फिरव, आणि फोटो टाक.