सातबाऱ्यावर व्हिडिओ गेम केलाय, लोकांना एका वाक्यात कसा सांगू? (बजेट ४० हजार, त्यावर एक रुपया नाही)

बांधकरी (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

मी आणि बायको साडेतीन वर्षं एक पीसी गेम करतोय. नाव 'बांध'. १९७८ सालचं एक काल्पनिक गाव, तुम्ही तिथे नवीन आलेले सर्कल, म्हणजे तलाठ्याच्या वरचे महसूल अधिकारी. ४३ गट आहेत आणि प्रत्येकाच्या कागदात कुठेतरी एक खोट आहे. सातबारा, जुने फेरफार, आठ-अ, वारसांची वही समोर पसरायची, लोकांशी बोलायचं, साखळी घेऊन शेतात जायचं आणि शेवटी नोंद मंजूर किंवा नामंजूर करायची. चुकीची मंजूर केलीत तर लगेच काही होत नाही. दहाबारा गटांनंतर त्याच घरातली दोन माणसं विहिरीवर एकमेकांशी बोलेनाशी झालेली दिसतात.

एवढाच गेम. मारामारी नाही, घड्याळ नाही.

स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) पान लावून पाच महिने झाले. विशलिस्ट (नंतर घ्यायला खूण करून ठेवणारे) २१२, त्यातले चाळीसेक नातेवाईक. कुणाला सांगायला लागलो की तिसऱ्या वाक्याला समोरच्याचा हात मोबाइलकडे जातो. सासरे म्हणाले, "म्हणजे तलाठी ऑफिसात खेटे घालायचा गेम? ते तर आम्ही फुकट घालतो."

तर एका वाक्यात काय सांगू? इंग्रजी नाव घेऊ का? आणि हे ४० हजार कुठे घालू? जूनच्या नेक्स्ट फेस्टला (स्टीमवरचा डेमोंचा उत्सव) डेमो टाकायचा विचार आहे.

निवांत_पाटील
रुमाल टाकून ठेवतो. सावकाश लिहीन.

खवट
पीसीवर कोण खेळतं हो आता? मोबाइलवर आणा. लुडो किंग बघा, नवी मुंबईच्या कंपनीनं काढला आणि घराघरात गेला. माझा भाचा दिवसभर त्यावरच असतो, बारावीला आहे.

बांधकरी
खवटसाहेब, लुडो कुणाला समजावून सांगावा लागत नाही. माझं दुखणं नेमकं तेच आहे.

कोलोनकर
मी गेली नऊ वर्षं इथे जर्मनीत. दर ऑगस्टला आमच्या शहरात, कोलोनला, गेम्सकॉम हा व्हिडिओ गेमचा मोठा मेळा भरतो. सरळ स्टॉल घ्या. इथल्या लोकांना कागदपत्रं, शिक्के, अर्ज असल्या गोष्टी खेळायला मनापासून आवडतात. खोटं नाही सांगत, माझा सहकारी संध्याकाळी घरी जाऊन मालट्रक चालवायचा गेम खेळतो, तोही वेगमर्यादा पाळून. राहायला माझ्याकडे या.

बांधकरी
आमंत्रणाबद्दल आभार. दोघांच्या तिकिटातच ४० हजार संपतील आणि आम्ही दुबईपर्यंतच पोचू.

कोलोनकर
व्यवसायात गुंतवणूक करावी लागते.

रिकामा_डबा
माझं ऐका, मी यातून गेलोय. २०२१ साली मीही गेम काढला होता, दीपस्तंभाच्या रखवालदारावर. एका एजन्सीला ९० हजार दिले. त्यांनी 'प्रेस रिलीज' पाठवली, कुठे पाठवली ते देवाला ठाऊक. पहिल्या महिन्यात ११ प्रती खपल्या, त्यातल्या दोघांनी पैसे परत घेतले. एजन्सीनं शेवटी आलेखांचा रंगीत पीडीएफ दिला. तो अजून ठेवलाय.

अजून एक. पान लागलं की मेल येतील, "आम्ही मोठे स्ट्रीमर (गेम खेळताना लाइव्ह दाखवणारे), चार की पाठवा." की म्हणजे गेम फुकट उघडायचा कोड. मी हरखून ३० की वाटल्या. दुसऱ्या आठवड्यात त्याच की भलत्याच साइटवर निम्म्या दरात विकायला. मेल आला की आधी त्या माणसाच्या चॅनेलवर जा, तिथला पत्ता आणि मेलचा पत्ता एकच आहे का बघा. दहातले नऊ तिथेच गळतात.

खवट
दीपस्तंभाचा गेम कोण घेणार? मोबाइलवर आणायचात.

सीए_काका
कुणी बोलत नाही म्हणून मीच बोलतो. डब्ल्यू-८ बेन, म्हणजे अमेरिकेचा कराचा फॉर्म, भरलात का? पॅन टाकून करारातली सवलत मागितली नाहीत तर अमेरिकेतल्या विक्रीवर ३० टक्के कापतात, मागितलीत तर रॉयल्टीला १५. स्टीमला गेम लावायची १०० डॉलरची फी खर्चात धरा. विक्री १००० डॉलरच्या वर गेली की ती परत मिळते, तेव्हा ती उत्पन्नात दाखवायला विसरू नका.

बांधकरी
काका, फॉर्म भरलाय. उत्पन्नाचं बघू, आधी होऊ द्या.

पन्हाळ्याची_पोर
एक खून टाका की राव! विहिरीत प्रेत. लई चालंल.

बांधकरी
बायकोचं म्हणणं, खून टाकला की लोक खुनी शोधतील, बांध कोण बघणार?

पिक्सेलताई
मी पुण्यात एका स्टुडिओत आहे, मार्केटिंग माझं काम नाही पण रोज शेजारी बसून बघते. तुकड्यातुकड्यात लिहिते.

समजावायला कठीण गेम खपत नाहीत असं नाही. 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' (२०१८) मध्ये तुम्ही विमा इन्स्पेक्टर असता आणि साठ माणसांचं काय झालं ते वहीत भरता. तोंडी सांगितलं तर झोप येईल. पण बघताना काय दिसतं? प्रेतासमोर घड्याळ उघडलं की त्या माणसाचा शेवटचा क्षण गोठून उभा राहतो. 'बाबा इज यू' (२०१९) सांगायला बसलात तर तासभर जाईल. पाच सेकंदांच्या हलत्या चित्रात, पडद्यावर शब्दांत मांडलेल्या भिंतीच्या नियमातला एक शब्द ढकलला जातो, भिंत अडवायची थांबते, आणि बघणारा म्हणतो, अच्छा!

म्हणजे गेम काय आहे ते सांगू नका, त्यातली एक घटना दाखवा. आत्ता तुमच्या ट्रेलरमध्ये पहिली ११ सेकंद तुमचा लोगो, मग डोंगर, मग बैलगाडी. मी शेतीचा गेम समजले.

आणि नवखी गोष्ट कुठल्यातरी ओळखीच्या दावणीला बांधा. 'बलाट्रो'नं २०२४ मध्ये पोकरच्या दावणीला भलतंच जनावर बांधलं आणि महिन्याभरात दहा लाख प्रती गेल्या. परदेशातल्या माणसाला सातबारा कळणार नाही, पण भावाभावांतलं जमिनीचं भांडण कुठे नाही?

निवांत_पाटील
ताईंशी सहमत. पण यात नशीबच मोठं. 'अमंग अस' २०१८ सालीच आला होता, २०२० मध्ये स्ट्रीमर मंडळींनी उचलला तेव्हा जगाला कळला. दोन वर्षं काय त्यांचं मार्केटिंग वाईट होतं?

रिकामा_डबा
+१. नशीबच. माझा दीपस्तंभ अजून वाट बघतोय.

मोजणीदार
मी भूमी अभिलेखमधून निवृत्त. स्क्रीनशॉट बघितले. चौथ्या चित्रातली साखळी चुकली आहे. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, आपली शंकू साखळी ३३ फुटी. तुम्ही ६६ फुटी दाखवली आहे. दुसरं, सातबारा हा मालकी हक्काचा निर्णायक पुरावा नाही. ते महसुली रेकॉर्ड आहे. तुमच्या पानावर 'मालक शोधा' लिहिलंय ते काढा.

खवट
आता तलाठी पण राहिले नाहीत, ग्राम महसूल अधिकारी झाले. गेममध्ये बदल करा.

बांधकरी
खवटसाहेब, गेम १९७८ चा आहे. मोजणीदार साहेब, साखळी आज रात्रीच दुरुस्त करतो. मनापासून आभार.

पिक्सेलताई
साखळी नका दुरुस्त करू, ट्रेलर करा!

आजोबांचा_नातू
मार्केटिंगमधलं मला कळत नाही. पण हे वाचून डोकं फिरलं. आमच्याकडे १९७४ चा एक फेरफार आहे. 'खातेदाराने स्वखुशीने हिस्सा सोडला' म्हणून, खाली आजोबांचा अंगठा. आजोबा १९७१ ला गेले. मृत्यूची नोंद त्याच गावच्या दप्तरात, त्याच अक्षरात! नोंद मंजूर. वडील हेलपाटे घालून थकले, आता मी घालतोय. चुलते समोर राहतात, दिवाळीला फराळ येतो त्यांच्याकडून. काय खेळायचं त्यात?

मोजणीदार
जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली अर्ज केला होता का?

आजोबांचा_नातू
केला. तो लेखनप्रमादासाठी असतो म्हणून काढून टाकला. मेलेल्या माणसानं अंगठा दिला, हा लेखनप्रमाद नाही म्हणे.

मोजणीदार
ते बरोबरच आहे तसं. अपील करायला हवं होतं.

निवांत_पाटील
मुदत गेली असेल तर विलंब माफीचा अर्ज जोडा. आमच्याकडे एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले तेव्हा विहीरच शेजारच्या गटात गेली. अठरा वर्षं चाललंय. चांगला वकील असेल तर मलाही सांगा.

सीए_काका
विहीर गटात गेली तर त्यावरचा घसारा कोण दाखवतं?

पन्हाळ्याची_पोर
काका, दिवे घ्या (हलकेच घ्या) पण गप बसा.

पिक्सेलताई
थांबा, थांबा. बांधकरी, वरचा नातूंचा प्रतिसाद परत वाचलात का? तुम्ही साडेतीन वर्षं शोधताय ते वाक्य तिथे पडलंय. 'आजोबा ७१ ला गेले. ७४ च्या कागदावर त्यांचा अंगठा आहे. नोंद मंजूर करायची?' काळा पडदा, दोन कागद शेजारी शेजारी, दोन तारखा, आणि शिक्का हवेत थांबलेला. वीस सेकंद. जपानमध्ये दाखवा, ब्राझीलमध्ये दाखवा.

(नातू, तुमच्या त्रासाचा असा वापर सुचवतेय, राग मानू नका.)

बाकी घाईत: नेक्स्ट फेस्टला एक गेम एकदाच जातो. २१२ वर जूनमध्ये गेलात तर ती संधी जळाली. ऑक्टोबर धरा, मधल्या काळात या एका प्रसंगाचा डेमो लोकांना खेळवा. दोन तासांपेक्षा कमी खेळून १४ दिवसांत पैसे परत मागता येतात, तेव्हा पहिला गट संथ असेल तर तो मागे ढकला. पैसे घालायचेच तर पानावरच्या मुख्य चित्रात घाला, तुमचं आत्ताचं चित्र अंगठ्याएवढं झालं की नुसता हिरवा डाग दिसतो. आणि कृपा करून गेमला आता हात लावू नका.

खवट
हेच मी म्हणत होतो, ट्रेलर छोटा करा.

कोलोनकर
कुठे म्हणालात? नावाचं कुणी बोललंच नाही. 'बांध' रोमन लिपीत लिहिलं की 'बंद' होतं. लोकांना वाटेल दुकानं बंद पाडायचा गेम आहे. 'लँड डिटेक्टिव्ह' ठेवा.

निवांत_पाटील
'भाऊबंदकी' ठेवा. नावातच सगळं आलं.

पन्हाळ्याची_पोर
भाऊबंदकी +१. विहिरीतल्या प्रेताचं बघा अजून.

रिकामा_डबा
इंग्रजी नाव नको म्हणतो मी. माझ्या दीपस्तंभासाठी 'कीपर' म्हणून शोधलंत तर माझ्याआधी चाळीस गेम येतात. 'बांध' शोधलं तर निदान तुम्हीच येता. हे एकच मला पैसे घालवून कळलं.

मोजणीदार
१ एप्रिल १९५७ च्या कुळांचं (कुळकायद्यानं कसणारे मालक झाले ते) प्रकरण घेतलंय का? ते नसेल तर गाव अपूर्ण आहे.

बांधकरी
घेतलंय, गट २९. सगळ्यांचे आभार, आठवडाभर शांतपणे वाचतो. नातूसाहेब, व्यनि (खाजगी निरोप) केलाय.

बांधकरी (चार आठवड्यांनी)
धागा वर काढतोय, काय झालं ते सांगायला हवं.

नातूसाहेबांनी परवानगी दिली. "घाला, पण चुलत्याचं नाव बदला" म्हणाले, रात्री परत मेसेज, "नाहीतर राहू दे, बदलू नका." मी बदललं.

ट्रेलर करायला बसलो, पण तो प्रसंग गेममध्येच नसताना ट्रेलरमध्ये कसा दाखवायचा? म्हणून गट ४४ केला. त्यात आजोबांची मृत्यूची नोंद आणि फेरफार एकाच अक्षरात हवे होते. बायको म्हणाली, कॉम्प्युटरच्या फाँटमध्ये हे दिसणारच नाही, अक्षर माणसाचं पाहिजे. मग ओळखीतून एक निवृत्त तलाठी भेटले, वय ८१. टाक आणि दौत घरात होती त्यांच्या. गावाचे सगळे कागद त्यांच्याकडून हातानं लिहून घेतोय, चार पिढ्यांच्या तलाठ्यांची चार अक्षरं. मोडीतला 'श्री' कसा घालायचे तेही दाखवलं त्यांनी. त्यांना २८ हजार दिले. ते घेत नव्हते.

तर उरले १२. मुख्य चित्राचं त्यात बघतो. नाव 'बांध'च. जून सोडला. ऑक्टोबर जमेल असं वाटत नाही, कारण अजून ११ गटांचे कागद लिहायचे आहेत.

विशलिस्ट २३१.

पिक्सेलताई
मी 'गेमला हात लावू नका' लिहिलं होतं. ठळक करायला हवं होतं का?

बांधकरी
ताई, वाचलं होतं.

कोलोनकर
२८ हजारात इथलं एका बाजूचं तिकीट आलं असतं.

रिकामा_डबा
फोटो टाका ना त्या अक्षराचा. टाकाचा व्हिडिओ असेल तर तोही. आणि मी केलंय विशलिस्ट, त्या २३१ मध्ये मी आहे.

बांधकरी
व्हिडिओ नाही काढला. लक्षातच आलं नाही. रविवारी जातोय त्यांच्याकडे, काढतो.

पिक्सेलताई
साधा फोन वरून धरा. हात, टाक, कागद. बोलू नका, संगीत नको. आणि तो व्हिडिओ आधी मला पाठवा, परस्पर लोगो लावू नका.

आजोबांचा_नातू
गट ४४ मध्ये नोंद नामंजूर करता येते ना?

बांधकरी
येते.

आजोबांचा_नातू
बरं.

नवा_सभासद_कोरेगाव
नमस्कार, गूगलवरून इथे आलो. पोटहिस्सा मोजणीचा अर्ज ऑनलाइन करायचा की ऑफिसात जावं लागतं? तातडीच्या मोजणीला साधारण किती दिवस धरावेत? मोजणीदार साहेब, कृपया सांगा.