मदत हवी आहे: कायझेन (कामातल्या छोट्या सुधारणांच्या) सूचना ऑपरेटरकडून येतच नाहीत

भोसरीतलं प्रेस शॉप (पत्रा दाबून पार्ट बनवणारा विभाग), तीन शिफ्ट, ८० ऑपरेटर, निम्मे कंत्राटी. महिन्याला वीसेक सूचना येतात, पण बहुतेक सुपरवायझरच्या हस्ताक्षरात. टार्गेट लावल्यापासून तर 'डस्टबिनला पिवळा रंग द्या' छापाच्या.

फॉर्म मराठी-हिंदीत, एका पानाचा केला. बक्षीस ५०० रुपये केलं, तर कल्पना कोणाची यावरून भांडणं. ७२ तासांत उत्तर देतो, पण मेंटेनन्सला वेळ नसल्याने 'मंजूर' शिक्क्याच्या १४ सूचना पडून आहेत. खरी गोम इथेच असावी. पार्टला डेंट पडू नये म्हणून च्यूटला (पार्ट घसरत खाली येतो त्या पन्हळीला) रबर शीट लावा, असं एकाने सुचवलं. काम अर्ध्या तासाचं, तीन महिने झाले. तो आता कशाला बोलेल?

अडचणी: शॉपमध्ये मोबाइल बंदी, म्हणून ॲप नको. नवीन माणूस मिळणार नाही. गार्ड, लाइट कर्टन (हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) किंवा डायमधला (पार्टला आकार देणाऱ्या साच्यातला) बदल सेफ्टी आणि टूलरूमच्या (साचे सांभाळणाऱ्या विभागाच्या) मंजुरीशिवाय होणार नाही. टोयोटाची १९५१ पासूनची सूचना योजना वाचली आहे, त्या लिंका नकोत.

बाकीचे छोटे बदल ऑपरेटरनेच करावेत यासाठी तुम्ही आठवड्याला किती तास राखून ठेवता, कोणाच्या सहीने? आणि कंत्राटी माणसाचं बक्षीस ठेकेदाराकडे न अडकता त्याच्या हातात कसं देता?