मदत हवी आहे: चिखलदऱ्यात बारमाही राहण्याबद्दल

नमस्कार मंडळी. बायकोची बदली चिखलदऱ्याला झालीय. जूनपासून आम्ही दोघं आणि माझी आई तिथेच राहणार. सहलीचे फोटो पुष्कळ पाहिले, मला तिथे संसार केलेल्यांकडून ऐकायचंय.

मोठी काळजी पावसाळ्याची. सुमारे ११०० मीटरवरचं गाव, दिवसचे दिवस धुकं, आणि आईला दमा. भिंतींना ओल कितपत येते? गाद्या, धान्य, कपडे कसे सांभाळता? कौलारू घर बघावं की स्लॅबचं?

एक घर स्वस्तात मिळतंय, पण गावाच्या अगदी कडेला. मेळघाटचं जंगल लागून, गुगामल राष्ट्रीय उद्यान जवळच. वाघ सहसा माणसाला टाळतो, मला धास्ती अस्वलाची आहे (अचानक समोर आलं की अंगावर येतं). दिवेलागणीनंतर तुम्ही पायी फिरता का? खरकटं कुठे टाकता? वानरं परसात भाजी टिकू देतात का?

आणि रात्री आईला धाप लागली तर धुक्यात घाट उतरून परतवाड्याला नेता येतं, की ऑक्सिजनची सोय घरीच ठेवावी? घरमालकाला रविवारपर्यंत कळवायचंय, त्यामुळे निदान घराबद्दल आधी सांगा.