अनुभव धागा: पुढचा कॅमेरा कसा ठरवलात?

दहा वर्षं वापरलेल्या डीएसएलआरचं शटर गेल्या आठवड्यात अडकलं. दुरुस्त करावा की मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घ्यावा, यात डोक्याचा पार भुगा झालाय. कुठला कॅमेरा भारी हे विचारत नाहीये. तुम्ही कसं ठरवलंत आणि पुढे काय झालं ते लिहा. पस्तावला असाल तर आधी तेच.

*

मी मागच्या दोन वर्षांचे फोटो उघडून बसले. प्रत्येक फोटोसोबत एक्झिफ माहिती साठवलेली असते: फोकल लेंग्थ (मिमीमध्ये; जितकी जास्त तितकं लांबचं जवळ दिसतं), आयएसओ (उजेडाला संवेदनशीलता), शटर स्पीड. झूम १८-५५, पण निम्म्याहून जास्त फोटो थेट ५५ वर. घरातले, संध्याकाळचे, आयएसओ ३२००, शटर १/३०, आणि प्रत्येकात धाकटीचा हात हललेला. दोष बॉडीचा, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्याचा, नव्हताच. किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळालेली) ५५ ला एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही; हा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं. ५० ची एफ/१.८ लेन्स त्याच्या नऊ-दहा पट उजेड आत घेते. तीच घेतली. बॉडी अजून जुनीच आहे.

*

मी फुल फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, नादाला लागलो. छंद पक्ष्यांचा, लेन्स ३०० ची. जुन्या कॅमेऱ्याच्या लहान एपीएस-सी सेन्सरवर ती ४५० सारखी दिसायची, हे नवीन बॉडी हातात आल्यावर उमगलं. तोच खंड्या, तीच फांदी, आणि चौकटीत एवढुसा ठिपका! पूर्वीइतका मोठा दिसावा म्हणून कापला, तर २४ मेगापिक्सेलमधले जेमतेम साडेदहा उरले. मग लांब लेन्स आली, तिच्या वजनापायी ट्रायपॉड आला. बायको म्हणाली, आता हमालही बघा.

*

हातात धरून बघितल्याशिवाय घेऊ नका. माझी करंगळी बॉडीखाली लोंबकळते. बाकी कॅमेरा उत्तम.

*

सेकंडहँड घेताना मी शटर काउंट (आजवर किती वेळा शटर उडालं) बघितला, १२ हजार, आणि खूश झालो. लेन्समधून टॉर्च मारून बघायचं सुचलंच नाही. घरी मारला तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. विकणारा म्हणे, फोटोत दिसत नाही. साध्या उजेडात खरंच नाही दिसत. सूर्य समोर आला की सगळं धुरकट. आता लेन्सा हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवतो. वरातीमागून घोडं.

*

धागाकर्त्याकडे जुन्या लेन्सा किती आहेत? तिथून सुरुवात करा. माझ्या सगळ्या कॅननच्या ईएफ, म्हणजे डीएसएलआरच्या. आरसा गेल्यामुळे २०१८ च्या आरएफ माउंटमध्ये (मिररलेसवर लेन्स बसते ती जोडणी) सेन्सरपासूनचं अंतर ४४ वरून २० मिमीवर आलं, म्हणून मधल्या जागेत अडॅप्टर बसतो आणि जुन्या लेन्सा ऑटोफोकससकट चालतात. उलटं, म्हणजे नवी लेन्स जुन्या बॉडीवर, जमत नाही. निकॉनवाल्यांनी जपून: त्यांच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये मोटर नाही, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्सांवर फोकस हातानेच. आणि मिररलेस घेतलात तर जास्तीची बॅटरी त्याच दिवशी घ्या. डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडरही तिच्यावरच चालतो.

*

मी धागाकर्ता. रात्री एक्झिफ काढून बसलो. लांबची लेन्स वर्षात चार वेळा बाहेर आलीय; बहुतेक फोटो ३५ च्या आसपास. शटर बदलायला टाकतोय. ३५ एफ/१.८ कोणी वापरतं का? विषयाच्या किती जवळ जाऊन फोकस होतं?